म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावरची गाठ

आंघोळ घालताना काखेत किंवा बरगडीवर हाताला गाठ लागते. कुत्रा नऊ-दहा वर्षांचा असतो आणि घरात लगेच दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, वयानं येतात अशा गाठी, मऊ तर आहे. दुसऱ्याची झोप उडालेली. दोघांकडे पुरावा एकच: बोटांना जे जाणवलं ते. इथे नेमकं बोटांवर विसंबता येत नाही.

उतारवयातल्या कुत्र्यांच्या, विशेषतः लॅबराडॉरच्या, कातडीखाली चरबीच्या गाठी सर्रास होतात. मऊ, सरकणाऱ्या, न दुखणाऱ्या. बहुतेकींपासून काही धोका नसतो. पण मास्ट पेशींची गाठ, म्हणजे कुत्र्यांच्या त्वचेत सर्वाधिक आढळणारा कर्करोग, हाताला कधीकधी हुबेहूब तशीच लागते. ती चोळली-दाबली की तिच्यातून हिस्टामिन सुटतं, गाठ सुजून लाल होते, दोन दिवसांत उतरते. घरच्यांना वाटतं, चला, बसली. खरं तर हे असं कमीजास्त होणं म्हणजेच धोक्याची खूण असू शकते. अनुभवी डॉक्टरलाही नुसत्या हातानं या दोघींतला फरक खात्रीनं सांगता येत नाही.

म्हणून सुई. साध्या इंजेक्शनच्या सुईनं गाठीतल्या थोड्या पेशी काढायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. बहुतेकदा भूलही लागत नाही. गाठ द्राक्षाच्या मण्याएवढी झाली असेल, किंवा लहान असूनही महिनाभर टिकली असेल, तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नये. नाशिकमध्ये तपासणीची सोय नसली तरी काचपट्ट्या मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतात. थकलेल्या कुत्र्याला घेऊन कसारा घाट उतरायची गरज नाही. सुईनं उत्तर मिळालं नाही, तर बायोप्सी.

त्याआधी एक गोष्ट मात्र टाळा. ‘जरा तरतरी येईल’ म्हणून स्टेरॉइड सुरू करणं. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडनं काही दिवस ओसरतो. मग नमुन्यात तो नीट दिसत नाही आणि पुढे केमोथेरपीचा परिणामही कमी होतो. आधी नमुना, मग स्टेरॉइड, हा क्रम डॉक्टरांकडे आग्रहानं मागावा.

आपल्याकडे गोचिडांमुळे आणखी एक पेच पडतो. गोचिडातून येणाऱ्या एर्लिकिया या जंतूच्या आजारात ताप येतो, वजन घटतं, जबड्याखालच्या ग्रंथी सुजतात, प्लीहा वाढते, नाकातून रक्तही येतं. यातली कितीतरी लक्षणं कर्करोगाचीही आहेत. पण एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन आहे, साधारण चार आठवड्यांचा कोर्स. निव्वळ लक्षणं पाहून ‘कॅन्सर असेल, कशाला त्रास द्यायचा’ म्हणत रक्त तपासलंच नाही, तर बरा होणारा कुत्रा हातचा जाईल.

पंचवटीत, गोदाघाटावर फिरणाऱ्या मोकाट कुत्र्यांबद्दलही हे सांगायलाच हवं. त्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसते, आणि लोक त्यांना हाकलतात. हा संभोगातून पसरणारा ट्यूमर असतो. इथे विषाणू नव्हे, कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली ती 1876 मध्ये. जनुकांवरून असं दिसतं की हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात झालेल्या गाठीच्याच पेशी आजवर जगत आल्या आहेत. दिसायला भयंकर, पण व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढली तरी भागेल असं हे काम आहे.

याउलट, न दिसणारे कर्करोग. नाशिकच्या थंडीत म्हातारा कुत्रा लंगडला की ‘सांधे धरले’ म्हणणं सोपं असतं. मोठ्या जातींत तो हाडाचा कर्करोगही असतो. ऊन तापल्यावरही लंगडणं थांबलं नाही तर एक्स-रे काढावा. कुत्रा अचानक कोसळला, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि काही तासांनी उठून चालू लागला, तर तो बरा झाला असं समजू नका. प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्तस्राव झालेला असू शकतो. त्याच दिवशी सोनोग्राफी.

कर्करोग ठरलाच, तरी उपचाराचा हेतू माणसापेक्षा वेगळा असतो. कुत्र्याला केमो बेताच्या मात्रेत देतात, कारण चांगले दिवस हवे असतात. म्हणून उलट्या-जुलाब कमी होतात, बहुतेक जातींचे केसही गळत नाहीत. लिम्फोमात उपचाराशिवाय महिना-दीड महिना मिळतो, अनेक औषधांच्या केमोनं बऱ्याच कुत्र्यांना वर्षाच्या आसपास. औषध चालू असताना काही दिवस लघवी-विष्ठा हातमोजे घालूनच साफ करावी, घरातल्या गरोदर बाईनं लांब राहावं. आणि हे सगळं परवडत नसेल, तर फक्त वेदना कमी ठेवणं हाही उपचारच आहे. त्यासाठी कुणी लाजू नये.

वेदनेसाठी घरातली क्रोसिन किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका. मेलॉक्सिकॅम, गॅबापेन्टिन अशी औषधं पशुवैद्य वजनानुसार ठरवतात. रोज कॅलेंडरवर खूण करा: आज खाल्लं का, स्वतः उठला का, दारात आला का, रात्री धापा टाकल्या का. वाईट दिवस जास्त होऊ लागले की डॉक्टरांशी शेवटाबद्दल बोला. आधी गुंगी देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा; तो झोपेतच जातो. हे घरी येऊन करतील का, ते तब्येत बरी असतानाच विचारून ठेवावं, मध्यरात्री फोन फिरवत बसायची वेळ येऊ नये.