लेकराला रक्ताची उलटी झाली, तर जनआरोग्य योजनेचं प्रकरण अडतं कुठे?

हसतं-खेळतं लेकरू अचानक रक्त ओकतं, डांबरासारखी काळी शी करतं. पोटात डाव्या बाजूला वाढलेली प्लीहा (पाणथरी) हाताला लागते. पुष्कळदा यकृत धड असतं, पण त्यात रक्त नेणारी पोर्टल शीर बुजलेली असते. दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. अशा वेळी कागद शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा. तातडीच्या रुग्णाला महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत फोनवरून मंजुरी मिळते. कागद 72 तासांत द्यायचे असतात. 

कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशन कार्ड चालतं. आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, नोंद झाली की मंजुरी रुग्णालय मागतं. रुग्णालय यादीत असलं तरी हा उपचार तिथे योजनेत आहे का, हे 155388 वर विचारून घ्या.

सगळ्यात जास्त अडतं लेकराच्या नावावर. रेशन कार्डात नाव नसेल तर जन्माचा दाखला आणि आईबापाचं ओळखपत्र लागतं. बाळंतपण माहेरी झालं असेल तर नोंद तिकडच्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते. सासरच्या गावात खेटे घालून ती सापडत नाही. दाखल्यावर नावाची जागा रिकामी असेल तर नोंदणीपासून वर्षभर मोफत, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. हे काम आजारी लेकराच्या बापाला तीनदा परत पाठवून करायचं नसतं, हे कार्यालयांना कळायला हवं. केसपेपरवर घरचं 'सोनू' सांगू नका, दाखल्यावरचंच नाव सांगा. ऊसतोडीला जाताना रेशन कार्ड पेटीत राहतं. निदान त्याचा आणि दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

सोनोग्राफीत नुसतं 'प्लीहा वाढली' लिहिलेलं पुरत नाही. डॉप्लर (शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) करून पोर्टल शिरेची स्थिती लिहून घ्या, एन्डोस्कोपीचा (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट जोडा. फुगलेल्या शिरांना रबरबँड लावणं एकदाच होत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. दर भरतीला नवी मंजुरी लागते, म्हणून डिस्चार्ज कार्ड फेकू नका. तापाला आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो.