वैद्यकीय मानव्यविद्या

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र व दृश्यकला यांतील वाचनाच्या आणि निरीक्षणाच्या पद्धतींचा वैद्यकीय शिक्षणात व रुग्णसेवेत केला जाणारा उपयोग. वैद्यकीय नीतिशास्त्र काहींच्या मते याच क्षेत्रात मोडते. अन्य अभ्यासक ते स्वतंत्र मानतात.

संज्ञेच्या उगमाबाबत मतभेद आहेत. विज्ञानेतिहासकार जॉर्ज सार्टन यांनी १९४८ मध्ये ‘आयसिस’ या नियतकालिकात ती वापरल्याचे सामान्यतः सांगितले जाते. ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सक अँथनी मूर यांच्या १९७६ मधील लेखापासूनही आरंभ मानला जातो. परंतु पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या हर्शी येथील वैद्यकीय महाविद्यालयात मानव्यविद्येचा स्वतंत्र विभाग १९६७ मध्येच निघाला होता आणि गॅल्व्हस्टन (टेक्सास) येथील संस्था १९७३ ची आहे. एखाद्या लेखातील शब्दापेक्षा अध्यापनाची सोय हा प्रारंभाचा अधिक भरवशाचा पुरावा धरल्यास १९६७ हे वर्ष स्वीकारावे लागते. विचार अर्थातच जुना आहे. वैद्यकाचे अध्यापक विल्यम ऑस्लर यांचे १९१९ चे ऑक्सफर्ड येथील व्याख्यान व अमेरिकन डॉक्टर फ्रान्सिस पीबॉडी यांचा रुग्णाच्या काळजीवरील १९२७ चा लेख या संदर्भात नेहमी उद्‌धृत होतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांच्या वैद्यकीय महाविद्यालयांवरील १९१० च्या अहवालाने वैद्यकीय शिक्षण प्रयोगशाळेला बांधले आणि ही विद्या त्याची प्रतिक्रिया आहे, ही मांडणी लोकप्रिय असली तरी जपून घ्यावी. १९२५ मध्ये खुद्द फ्लेक्सनर यांनीच अमेरिकन वैद्यकाच्या सांस्कृतिक व तात्त्विक उणिवेबद्दल खेद व्यक्त केला होता.

रुग्णसेवेत पहिला संबंध येतो तो तक्रार ऐकून घेण्याशी. बेकमन व फ्रँकेल यांच्या १९८४ च्या अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत अडवल्याचे आढळले. पहिली तक्रार हीच मुख्य तक्रार, असे गृहीत धरल्याने नुकसान होते: महत्त्वाची गोष्ट मागे राहते आणि रुग्ण उठता उठता ती सांगतो. म्हणून आरंभी एकच मोकळा प्रश्न विचारावा, रुग्ण थांबेपर्यंत बोलू नये आणि मग ‘आणखी काही?’ असे नकार येईपर्यंत विचारावे. अशाने वेळ हाताबाहेर जाईल ही भीती बहुतांशी निराधार दिसते. बाझल (स्वित्झर्लंड) येथील बाह्यरुग्णांच्या २००२ मधील अभ्यासात न अडवलेले रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले. ७८ टक्के दोन मिनिटांत थांबले. मानवशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांची प्रश्नावली याला पूरक ठरते: हा त्रास कशाने झाला असे वाटते, आत्ताच का सुरू झाला, सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. उत्तरे रुग्णाच्याच शब्दांत टिपावीत. ‘छातीवर दगड ठेवल्यासारखे’ याचे लगेच ‘छातीत दुखणे’ केले की दाब व वेदना यांतील फरक कागदावरून पुसला जातो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रिटा शॅरन यांनी रूढ केलेल्या कथनाधिष्ठित वैद्यकात, म्हणजे रुग्णाची हकिकत कथेप्रमाणे बारकाईने वाचण्या-लिहिण्याच्या पद्धतीत, ‘समांतर केसपेपर’ लिहिला जातो. रुग्णालयाच्या कागदपत्रांत न बसणारे, पण नोंदवायला हवे असे काही विद्यार्थी साध्या भाषेत, साधारण पानभर लिहितात व गटात मोठ्याने वाचतात. चर्चा मजकुरावर व्हावी लागते: कथन कोणाच्या तोंडून आहे, काळाचा क्रम कुठे मोडला, काय गाळले. मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या भावनांकडे वळला की वर्गाचे रूपांतर समुपदेशनाच्या बैठकीत होते. लेखनाला गुण दिले की अपेक्षित ते ‘हळवे’ लिखाण हमखास मिळते. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील काढून टाकणे आवश्यक असते. गावाचे नाव गाळून दुर्मीळ आजार व व्यवसाय तसेच ठेवणे ही नेहमीची चूक.

दृश्यकलेचा उपयोग मुख्यतः निरीक्षणासाठी होतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन व सहकाऱ्यांच्या पद्धतीत विद्यार्थी एका अपरिचित चित्रासमोर बराच वेळ थांबतात, दिसते तेवढेच सांगतात आणि अर्थ नंतर लावतात. ‘बाई दुःखी आहे’ हे निरीक्षण नव्हे. ओठांचे कोपरे, मानेचा कल, हातांची ठेवण हे निरीक्षण. या प्रशिक्षणानंतर विद्यार्थ्यांच्या निरीक्षणात झालेली सुधारणा त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली.

दीर्घकालीन परिणामांचा पुरावा तुटपुंजा आहे. औसागर व योहानसेन यांनी २०१० मध्ये वैद्यकीय शिक्षणातील मानव्यविद्येवरील २४५ लेख तपासले. त्यांपैकी टिकाऊ परिणाम दाखवणारे मोजकेच निघाले. परिचर्या (नर्सिंग) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) या शाखांतील वापरावर लेखन त्याहून कमी आहे.