पार्श्वभूमी : पाइप, मिटता चाकू आणि ‘सुरे’ या शब्दाचा घोळ

सोलापूर विडीचे गाव. पूर्वभागात मांडीवर सूप घेऊन टेंभुर्णीची पाने कात्रीने कापणाऱ्या बायका कोणाला नव्याने सांगायला नकोत. पाइपचे तसे नाही. इथे ‘पाइप’ म्हटले की आधी ठिबकचा डोळ्यांपुढे येतो. तरीही लाकडी पाइप ओढणारे मोजके लोक शहरात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना जुन्या धाटणीचे मिटणारे चाकू जमवायचाही नाद आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असे लोक विचारतात.

संबंध वडीचा आहे. पाइपची तंबाखू पूर्वी सुटी कमी आणि दाबून केलेल्या घट्ट वडीच्या किंवा दोरासारख्या पिळाच्या रूपात जास्त मिळे. दिसायला खजुराच्या पाकासारखी काळपट, हाताला चामड्यासारखी. तिचे पातळ काप काढायचे आणि तळहातावर अंगठ्याने मळून मोकळे करायचे. आपल्याकडे तंबाखू मळतात तसेच, फक्त चुना नाही. चाकू खिशात नसेल तर पाइप भरणेच अडे. म्हणून इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी पाइपवाल्यांसाठी वेगळे चाकू घडवले : एक पाते, तंबाखू दाबायला एक दट्ट्या आणि राख उकरायला एक टोचणी. कापलेली तंबाखू डब्यातून मिळू लागली आणि या चाकूचे काम संपले. आता पुन्हा वडी घेणारे पुन्हा चाकूकडे वळले, इतकेच. (त्याच चाकूच्या टोकाने पाइपमधली काजळीची खपली खरवडणारेही भेटतात. टोक लाकडात रुतते आणि पाइप जातो. खपली नाण्याच्या जाडीएवढी ठेवायची असते, ती काढायचे हत्यार वेगळे.)

जुना इतिहास थोडक्यात. मुघल दरबाराच्या एका दूताने १६०४च्या सुमारास तंबाखू आणि नळी बादशहासाठी नेली ती विजापुरातून, म्हणजे इथून शंभरेक किलोमीटरवरून. पुढच्या बादशहाने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. ती किती पाळली गेली ते चिलीम आणि गुडगुडीच सांगतात. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीतून कोरलेला आजचा पाइप फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घडू लागला. सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये, पहिली मोठी कापड गिरणी १८७७ मध्ये. पाइप इथे साहेबी वस्तू म्हणूनच ओळखला गेला आणि साहेब गेल्यावरही तो शिक्का पुसला गेला नाही.

चाकूचे मात्र घरचे मूळ आहे. बोरू तासायला कुलकर्ण्याच्या दौतीशेजारी छोटा चाकू असायचाच. खरा गुंता इथून सुरू होतो, कारण जुन्या मराठीत ‘चाकू’ म्हणजे मिटणारा, खिशात मावणारा. न मिटणारी ती सुरी, आणि मोठा, मारायचा तो सुरा. फारसीतून ‘चाकू’ हा शब्द आला तोही असाच मिटत्या पात्यासाठी. बोलण्यात हा भेद पुसट झाला. १९७०च्या दशकातल्या हिंदी चित्रपटांनी खटक्याच्या रामपुरीला खलनायकाच्या हाती दिल्यावर तर ‘खिशात चाकू’ म्हणजे गुंड, हे समीकरण पक्के झाले.

१९५९चा शस्त्र कायदा फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्रांतून वगळतो. त्याखालच्या १९६२च्या नियमांत तलवारी, खंजीर, भाले, चाकू ‘आणि अशी इतर हत्यारे’ म्हटल्यावर नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची अट येते. ही अट चाकूलाही लागू की फक्त ‘इतर हत्यारां’ना, यावर वाद घालता येतो आणि घातला गेलाही आहे. २०१६च्या नव्या नियमांनीही तो सोडवला नाही. संग्राहक नऊ इंचांवर बोट ठेवतो. त्याच्याकडचे पाते जेमतेम तीन इंचांचे असते. पण सणावारांना किंवा निवडणुकीला निघणाऱ्या मनाई आदेशात इंच नसतात. हे आदेश १९५१च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघतात आणि त्यांची भाषा ठरलेली : ‘सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या’. यात चाकू नाही, सुरे आहेत. शब्दावर अडून बसावे, तर शेपटीला ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी इतर कोणतीही वस्तू’ हे असतेच, आणि त्यात चाकूच काय, पाइपची टोचणीही बसते. २०२३च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहायला सुरुवात झाली, तेव्हापासून इथलेही जपून राहू लागले. कुलूप नसलेला, नखाने खाच धरून उघडायचा, पाठीच्या पट्टीच्या जोरावर टक्‌ करून थांबणारा चाकू आणि खटका दाबताच उघडणारा चाकू यांत कायद्याने सरळ फरक करायला काय हरकत होती, हे कळत नाही. दिल्लीत १९८०च्या अधिसूचनेने बटणाच्या आणि गरारीच्या (दातेरी चाकाच्या) चाकूंची निदान सेंटिमीटरमध्ये व्याख्या तरी केली.

तंबाखूच्या बाजूला गोष्ट पैशाची आहे. जीएसटी २०१७ मध्ये आला तेव्हा पाइपच्या मिश्रणावर २८ टक्के कर आणि वर २९० टक्के उपकर बसला. विडीवर तेव्हा २८ टक्केच, उपकर नव्हता. विडीच्या गावात यावर कोणी रडगाणे गाऊ नये हेच बरे; हजारो बायकांचे पोट त्यावर आहे, पाइपवर कोणाचेच नाही.

इथल्या हवेचाही हात आहेच. एप्रिल-मेमध्ये वडी वाळून पाट्यासारखी होते. एक काप काढायला अंगठा पणाला लावावा लागतो. कार्बन स्टीलच्या पात्याला मात्र सोलापूर मानवते. मुंबईत आठवड्यात गंज चढतो, इथे पाते सावकाश निळसर-राखी होते. सॅव्हॉय प्रांतातला बीच लाकडाच्या मुठीचा, १९५५ पासून कड्याचे कुलूप असलेला ओपिनेल हा फ्रेंच चाकू कोकणात लाकूड फुगून पावसाळाभर उघडत नाही. इथे उन्हाळ्यात मूठ आकसून पाते खुळखुळते. काही जण मुठीला जवसाचे तेल चोळतात.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर २००८ मध्ये बंदी आल्यापासून पाइप गच्चीवर आणि शेतावर गेला. डॉक्टरांनी दटावल्यावर काहींनी तो सोडलाही. पाइप पेटीत, चाकू खिशात. जानेवारीत हुरड्याला गेले की त्याच चाकूने पेरू आणि कांदा चिरतात, आणि वडीचा वास पात्याला राहिलेला असतो अशी घरच्यांची तक्रार असते.