‘बाग आधीची, बंगले नंतरचे’: या युक्तिवादाची पार्श्वभूमी

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी ही गावे 1982 मध्ये नाशिक महापालिका झाली तेव्हा हद्दीत आली, पण मळे मळेच राहिले. पुढे जमिनी बिनशेती होत गेल्या, प्लॉट पडले, आणि आता कुंपणाच्या अलीकडे द्राक्षे तर पलीकडे रो-हाऊस. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी-भुरी या बुरशीजन्य रोगांच्या फवारण्या सुरू झाल्या की तक्रारीही सुरू होतात: ब्लोअरचा, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचा, आवाज, औषधाचा वास, थंडीत शेकोट्यांचा धूर. ‘बाग आधीची, बंगले नंतरचे’ हे शेतकऱ्याचे उत्तर ऐकायला बिनतोड आहे. कोर्टात मात्र तेवढ्यावर भागत नाही.

याचे मूळ 1879 च्या एका इंग्लिश निकालात आहे. लंडनचा एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या स्वयंपाकघरात मोठे खल चालवत होता. शेजारच्या डॉक्टरने नंतर त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली, खलांच्या आवाजाबद्दल दावा लावला आणि जिंकला. वहिवाटीने हक्क मिळण्याची वीस वर्षांची मुदत त्रास होऊ लागला तेव्हापासूनच मोजायची, आधीची वर्षे जमेस धरायची नाहीत, असे कोर्टाने ठरवले.

अमेरिकेत शहरे शेतात घुसली तेव्हा हाच पेच आला. ॲरिझोनात 1972 मध्ये कोर्टाने गुरांचा मोठा वाडा हलवायला लावला, पण भुर्दंड वसाहत उभारणाऱ्या बिल्डरवर टाकला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून एकेका राज्याने शेतकऱ्याला अशा उपद्रवाच्या दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे केले. आता ते पन्नासही राज्यांत आहेत. आपल्याकडे असा कायदा ना केंद्राचा आहे, ना महाराष्ट्राचा. जे आहे ते तुकड्या-तुकड्यांत.

सर्वांत जुना तुकडा 1882 चा सुविधाधिकार कायदा. मुंबई इलाख्याला तो 1891 मध्ये लागू झाला. कलम 15 प्रमाणे एखादी वहिवाट वीस वर्षे उघडपणे, हक्काने, विनाखंड चालली तर तिचा हक्क मिळतो. त्यात खोच आहे कलम 28 ची: हवा किंवा पाणी दूषित करण्याचा हक्क मिळालाच, तर मुदत सुरू झाली तेव्हा जेवढे प्रदूषण होते तेवढ्यापुरताच. तेव्हा पाठीवरचा पंप होता आणि आज ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे, तर हक्क पंपाएवढा. आणि उपद्रव सार्वजनिक असेल तर कितीही वर्षे गेली तरी हक्क तयार होत नाही.

1968 च्या कीटकनाशक कायद्याचे कलम 38 अनेकांना ढाल वाटते. स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीवरच्या वापराला त्या कायद्यातून सूट आहे, हे खरे. पण ती सूट त्या कायद्यापुरतीच. शेजाऱ्याच्या दिवाणी दाव्याला ती आड येत नाही.

तक्रार कुठे होते यावर बरेच अवलंबून असते. एकट्या शेजाऱ्याचा त्रास हा दिवाणी मनाईहुकमाचा विषय. सार्वजनिक उपद्रवासाठी कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा प्रांत किंवा तहसीलदार, सशर्त आदेश काढतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली. इथे घोळ होतो तो नोटीस घडी घालून ठेवल्याने. तारखेला हजर राहून कारण दाखवले नाही तर सशर्त आदेश कायम होतो. हजर राहिल्यास पुरावा घ्यावा लागतो, आणि त्रास सार्वजनिक नसून दोन घरांपुरता आहे हा मुद्दा तिथेच मांडायचा असतो. आवाजाबाबत 2000 च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा 45 डेसिबल आहे. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त आवाज झाला की तक्रार करता येते. म्हणून वस्तीलगतच्या ओळी पहाटे सहाच्या आत न घेतलेल्या बऱ्या.

पुराव्यात सातबाऱ्यावरची पीक पाहणी लागवड किती जुनी ते दाखवते, पण काम कसे केले हे सांगत नाही. निर्यातीच्या बागांकडे त्यासाठी ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या नोंदणी व्यवस्थेची) फवारणी नोंदवही असतेच: तारीख, औषध, मात्रा. तिच्यात वेळ आणि वाऱ्याची दिशा हे दोन रकाने वाढवावेत, आणि कुंपणालगतच्या शेवटच्या ओळीत ब्लोअरचे बाहेरच्या बाजूचे नोझल बंद ठेवले होते हेही लिहावे.