हॅचबॅक आणि सेडान मोटारींची रस्त्यावरील चाल

मागच्या काचेसकट वर उचलले जाणारे दार असलेली मोटार म्हणजे हॅचबॅक. प्रवाशांच्या मागे वेगळी डिकी असेल तर ती सेडान. सेडान महामार्गावर बसून चालते आणि हॅचबॅक गावात चपळ असते, हा समज रूढ आहे. तो निराधार नाही, पण त्याचे श्रेय डिकीपेक्षा मोटारीच्या एकूण आकाराला जाते. साडेचार मीटरची सेडान पावणेचार मीटरच्या हॅचबॅकशेजारी उभी केली की निकाल आधीच लागलेला असतो.

खरी तुलना एकाच सांगाड्यावर बेतलेल्या जोडीत होते. मारुतीची स्विफ्ट २००५ मध्ये भारतात आली, तिच्यावरून केलेली स्विफ्ट डिझायर २००८ मध्ये. दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर, २,३९० मिमी. लांबी मात्र ३,६९५ आणि ४,१६० मिमी. वाढलेले ४६५ मिमी जवळजवळ सगळे मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील छोट्या मोटारींचे उत्पादन शुल्क घटले, म्हणून २०१२ ची डिझायर ३,९९५ मिमीत बसवण्यात आली आणि त्या वेळच्या स्विफ्टपेक्षा ती फक्त १४५ मिमी लांब उरली. मोटारीच्या चालीत अर्थखात्याचा इतका हात क्वचितच असेल.

हे शेपूट महत्त्वाचे का? वळताना मोटार आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते, आणि त्या फिरण्याला होणारा विरोध वजनाच्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तीच बॅग मागच्या सीटवर ठेवली तर फारसे काही जाणवत नाही. डिकीच्या टोकाला ठेवली की मोटार वळायला जराशी नाखूश होते आणि एकदा वळू लागली की सरळ व्हायलाही वेळ घेते. घाटात लागोपाठ उजवी-डावी वळणे आली, किंवा खड्डा चुकवायला अचानक स्टिअरिंग फिरवावे लागले, की हा फरक हाताला कळतो. भरलेल्या डिकीमुळे मागची चाके दबतात, पुढची हलकी होतात. चढावर स्टिअरिंग सैल वाटते आणि समोरच्याच्या डोळ्यांत दिव्यांचा झोत जातो.

हॅचबॅकची खोड वेगळी. पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना ओढ, त्यामुळे रिकामी असताना मागची बाजू हलकी असते. वेगात वळणात शिरून घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढे झुकतो आणि मागची चाके घसरू शकतात. हे सेडानमध्येही घडते, फक्त थोडे सावकाश.

सेडानच्या मागच्या सीटपाठीमागे बहुधा पत्र्याची आडवी भिंत असते, त्यामुळे सांगाडा पिळवटायला कमी वाव राहतो. हॅचबॅकमध्ये त्या जागी मोठे भगदाड असते आणि ताकद चौकटीत भरून काढावी लागते. नव्या मोटारींत हा फरक चालकाला जाणवण्याइतका राहिलेला नाही.

पुण्याजवळ चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलो–व्हेंटो जोडीत गोष्ट निराळी होती. तिथे सेडानचा व्हीलबेसच सुमारे १० सेंमी ताणला होता. लांब व्हीलबेसची मोटार सरळ रस्त्यावर अधिक स्थिर राहते, उंचवट्यांवर कमी डुलते, आणि वळून परतायला मात्र जास्त जागा मागते.

टायरमधली हवा तर दोन्ही प्रकारांत सारखीच निर्णायक. भरलेल्या मोटारीत मागच्या चाकांना किती जास्त हवा हवी, ते बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असते.