बॅटचं वजन आणि स्विंग वेट एकच नाही

लहान मुलांसाठी बेसबॉलची बॅट घेताना बहुतेक आईबाबा फक्त छापलेला आकडा बघतात, २९ इंच १९ औंस, म्हणजे ड्रॉप १० (लांबीच्या इंचातून औंस वजा केले की ड्रॉप), झालं, घेऊन टाका. पण तो आकडा काट्यावरच्या वजनाचा, साधारण ५४० ग्रॅम. बॅट फिरवताना हाताला जो जडपणा लागतो ते स्विंग वेट, आणि ते वजन बॅटमध्ये कुठे आहे त्यावर ठरतं.

बॅट बोटावर आडवी तोलून बघा. एकाच लांबीच्या आणि वजनाच्या दोन बॅटी घेतल्या तरी एकीचा तोल हातांच्या जास्त जवळ सापडतो, ती बॅलन्स्ड, दुसरीचा टोकाच्या जास्त जवळ, ती एंड लोडेड, आणि ही दुसरी फिरवायला खरंच जड जाते कारण फिरताना अंतराचा वर्ग लागतो, म्हणजे तेच एक औंस हातांपासून दुप्पट लांब गेलं की त्याचा परिणाम चौपट. उलट नॉबमध्ये (मुठीखालच्या गोळ्यात) वजन घातलं तर काट्यावर बॅट जड दिसेल पण स्विंग वेट जवळपास तेवढंच राहतं. आणि पोराने ग्रिप इंचभर वर धरली की वजन तेच, स्विंग मात्र लगेच हलका.

मला विचाराल तर १२ वर्षांपर्यंत बॅलन्स्डच घ्या. जड टोकाने बॉल जोरात जातो हे खरंय, पण बॅट वेळेत आली तर ना! बॅट जड होत असेल तर स्विंग सुरू होताच बॅरल (बॅटचा पुढचा जाड भाग) हातांच्या खाली लोंबकळतं, बॉल येऊन गेलेला असतो, आणि मग पोरगं खांद्याने ओढायला लागतं, ही सवय मोडायला फार वेळ जातो हो.

अमेरिकेत हायस्कूलला २०१२ पासून मेटल आणि कंपोझिटला बीबीकोर (बॅटवरून बॉल किती उसळतो त्यावर मर्यादा घालणारं मानक) बॅटच लागते, तिथे ड्रॉप ३ च्या पुढे चालत नाही, म्हणजे ३२ इंची बॅट किमान २९ औंसांची. तिथे काट्यावरचं वजन फारसं कमी करताच येत नाही, हातात उरतं ते स्विंग वेटच, म्हणून बारीक चणीच्या मुलाने तोल बघूनच निवडावी.

दुकानात हात आडवा ताणून बॅट धरायला लावतात, २०-३० सेकंदात हात थरथरला तर जड. ठीक आहे, पण मी त्यापेक्षा दहा-पंधरा स्विंग मारायला लावेन आणि शेवटचे तीन बघेन, पहिल्या दोनात कुठलीही बॅट हलकीच लागते.