रेडिओ म्युझिक सोसायटी

अमेरिकन बासवादक, गायिका व संगीतकार एस्पेरांझा स्पॉल्डिंग यांचा जॅझ-फ्यूजन (जॅझमध्ये इतर संगीतशैली मिसळणारा) अल्बम. हेड्स अप इंटरनॅशनल या कंपनीने तो मार्च २०१२ मध्ये प्रकाशित केला. आधीच्या ‘चेंबर म्युझिक सोसायटी’ (२०१०) या अल्बमचा हा जोडीदार. त्यात व्हायोलिन कुळातली वाद्ये आणि मैफलीची जवळीक होती. यात इलेक्ट्रिक बास, ड्रम्स आणि सॅक्सोफोन-ट्रम्पेटचा भरगच्च ताफा आहे. २०११ मध्ये स्पॉल्डिंग यांना सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचे ग्रॅमी मिळाले होते. जस्टिन बीबर आणि ड्रेक स्पर्धेत असताना हा मान एका जॅझ कलाकाराला मिळाला, त्यामुळे पुढच्या अल्बमकडे सगळ्यांचे कान लागले होते.

जॅझ सहसा रेडिओवर लागत नाही. तो तिथे पोचावा, पण त्यासाठी त्याचे पाणी होऊ नये, हा या अल्बमचा ध्यास आहे. ‘रेडिओ साँग’ या पहिल्याच गाण्यात रहदारीत अडकलेल्या माणसाच्या गाडीत अनोळखी गाणे लागते आणि बघता बघता तो ते गुणगुणू लागतो. ध्रुवपद चटकन ओठांवर बसते. खालची स्वरसंगती मात्र सतत कूस बदलत राहते, आणि ते कळायला गाणे दोन-तीनदा ऐकावे लागते.

पॉपमधून घेतलेले गाणे एकच, पण निवड नेमकी. ‘आय कान्ट हेल्प इट’ हे स्टीव्ही वंडर आणि सुसे ग्रीन यांनी रचलेले गाणे मायकल जॅक्सन यांच्या ‘ऑफ द वॉल’ (१९७९) या अल्बममुळे घरोघरी पोचले. इथे जो लोव्हानो यांचा सॅक्सोफोन गायिकेशी लाडात बोलतो. जॅझ सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांच्या ‘एन्डेंजर्ड स्पीशीज’ या वाद्यरचनेला तर स्पॉल्डिंग यांनी स्वतःचे शब्द दिले आणि त्यातून पृथ्वीच्या ऱ्हासाची कळकळ मांडली. गायिका लेला हॅथवे यांचा खर्जाकडे झुकणारा आवाज त्याला वजन देतो.

अल्बमचे खरे बळ स्पॉल्डिंग यांच्या स्वतःच्या गाण्यांत आहे. ‘लँड ऑफ द फ्री’मागे कॉर्नेलियस डुप्री यांची हकीकत आहे. न केलेल्या गुन्ह्यासाठी टेक्सासच्या तुरुंगात ३० वर्षे काढल्यावर २०११ मध्ये डीएनए चाचणीच्या आधारे ते निर्दोष ठरले. गाणे अगदी छोटे, जवळजवळ नुसत्या आवाजाचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रगीतातले शब्द शीर्षकात घेऊन ते फक्त विचारते, हीच का ती स्वतंत्र भूमी? ‘व्हेग सस्पिशन्स’मध्ये दूरदेशी ड्रोनहल्ल्यात सामान्य माणसे मरतात, आणि ती बातमी संपते न संपते तोच वाहिनी सिनेतारकांच्या भानगडींकडे वळते.

‘ब्लॅक गोल्ड’ काळ्या मुलग्यांना उद्देशून आहे. जग तुला कमी लेखील, पण तू कोणाचा वंशज आहेस ते विसरू नकोस, असे ते सांगते. अल्जेब्रा ब्लेसेट यांचे गायन आणि बेनिनचे गिटारवादक लायोनेल लुएके यांची साथ त्याला आहे. चित्रफितीत बाप मुलांना शाळेतून आणतो आणि वाटेत पूर्वजांच्या गोष्टी सांगतो. गुलामीच्या आधीही आपला इतिहास होता, हे मुलाला घरच्या माणसाकडूनच कळावे, ही त्यातली भावना फार मोलाची आहे. अल्बममधल्या गाण्यांवर असे लघुपटही काढले गेले.

हा अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट जॅझ गायन अल्बमचे ग्रॅमी त्याला मिळाले. ‘सिटी ऑफ रोझेस’ हे गाणे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील पोर्टलंडवर, म्हणजे स्पॉल्डिंग यांच्या जन्मगावावर आहे. निर्मितीत रॅपर क्यू-टिप यांचा हात आहे, तर ताफ्यात पोर्टलंडच्याच ‘अमेरिकन म्युझिक प्रोग्रॅम’ची शिकणारी मुले वाजवतात. त्या मुलांचे शिक्षक आणि स्पॉल्डिंग यांचेही गुरू, ट्रम्पेटवादक थारा मेमरी, यांना या गाण्याच्या वाद्यमांडणीसाठी शिष्येबरोबर ग्रॅमी मिळाले.